वाग्गेयकार

पदाचे शब्द आणि त्याची चाल ही दोन्ही स्वतः रचणाऱ्याला भारतीय संगीतशास्त्रात वाग्गेयकार म्हणतात. वाक् म्हणजे वाणी, गेय म्हणजे गायचे ते. ही दोन्ही करणारा तो वाग्गेयकार.

या संज्ञेची नेमकी व्याख्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या संस्कृत ग्रंथात मिळते. 13व्या शतकातला हा ग्रंथ देवगिरीच्या यादव दरबारी, सिंघण राजाच्या आश्रयाने सिद्ध झाला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत येऊन स्थायिक झाले. ग्रंथाच्या तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायात शब्दरचनेला ‘मातु’ आणि स्वररचनेला ‘धातु’ म्हटले आहे. वाग्गेयकाराकडून तिथे व्याकरण, कोश, छंद, रस, ताल यांचे ज्ञान तर अपेक्षित आहेच. शिवाय रोष व द्वेष टाकलेला असावा, दुसऱ्याचे मन ओळखता यावे आणि उक्ती उष्टी, म्हणजे दुसऱ्याने आधी वापरलेली, नसावी, असेही सांगितले आहे. ही शेवटची अट आजच्या रचनाकारांनीही जवळ बाळगावी अशी आहे.

प्रतवारी लावताना शार्ङ्गदेवाचा कौल स्पष्टपणे स्वरांकडे आहे. धातु सरस पण मातु उणी, तर रचनाकार मध्यम; मातु रम्य पण धातु दुबळी, तर अधम. दुसऱ्याच्या धातूवर नुसते शब्द बसवणाऱ्याला तो ‘कुट्टिकार’ म्हणतो.

कर्नाटक संगीतात हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. त्यागराज (1767–1847), मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री ही त्रिमूर्ती म्हणजे वाग्गेयकारांचा मेरुमणी. रचनेत आपली मुद्रा, म्हणजे रचनाकाराची खूण सांगणारे नाव, गुंफण्याची रीतही तिथे पक्की आहे: दीक्षितरांची ‘गुरुगुह’, श्यामा शास्त्रींची ‘श्यामकृष्ण’. दीक्षितरांनी इंग्रजी बँडच्या सुरावटींवर संस्कृत शब्द बसवून ‘नोट्टुस्वर’ रचले. शार्ङ्गदेवाच्या काटेकोर व्याख्येत हे काम कुट्टिकाराचे ठरते. पण तेवढ्यावरून त्यांचा दर्जा उतरवणे कुणालाही पटणार नाही. रूढ चालींवर नवी पदे बांधणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनाही हाच न्याय लावावा लागेल.

मराठीत गीतकार आणि संगीतकार अशी वाटणी रुळल्यामुळे वाग्गेयकार हा शब्द मागे पडला. हिंदुस्थानी संगीतात मात्र बंदिशीचे शब्द आणि स्वर एकाच हातून उतरण्याची परंपरा टिकून आहे: विष्णु नारायण भातखंडे ‘चतुर’ या नावाने, श्रीकृष्ण रातंजनकर ‘सुजान’ या नावाने आणि सी. आर. व्यास ‘गुनिजान’ या नावाने बंदिशी बांधत.