सरडा धष्टपुष्ट, पण अंडी नाहीत

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उंदीर त्यांत शिरतात आणि मागोमाग धामण. पोट जमिनीला, घर जमिनीत, खाणंही तिथलंच. मातीत किरणोत्सारी द्रव्य मिसळलं, तर त्याची झळ अशा प्राण्याला चुकत नाही. सोलापूरला ती भीती नाही. आपल्या पायाखालच्या बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटच्या मानानं फारच कमी.

जपानात मात्र २०११च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर हे प्रत्यक्ष तपासता आलं. धामणीच्याच कुळातल्या सापांवर जीपीएस आणि किरणमापक चिकटवून त्यांना सोडलं. ते दिवसाला सरासरी जेमतेम ६५ मीटर सरकत. त्यामुळे सापाच्या अंगात दुर्घटनेतून बाहेर पडलेलं किरणोत्सारी सीझियम किती आहे, यावरून त्या तेवढ्या टापूतल्या मातीचा अंदाज येतो. सीझियम पोटॅशियमसारखं वागतं, म्हणून स्नायूंत शिरतं. सीझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात.

पण अंगात साठलं म्हणजे अपाय झालाच, असं नाही. २०१६ ते २०१८ दरम्यान घेतलेल्या नमुन्यांत सापांच्या गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, मोजली; किरणांनी पेशींना इजा झाली, तर ती आखूड होऊ शकतात. किरणांची मात्रा आणि टेलोमिअरची लांबी यांचा ठोस संबंध दिसला नाही.

या निकालानं हुरळून जाण्याआधी नेवाडाच्या वाळवंटातला जुना प्रयोग पाहावा. रॉक व्हॅलीत १९६४ पासून कुंपण घातलेल्या साधारण ९ हेक्टर जागेवर मनोऱ्यावरच्या सीझियमचे किरण वर्षानुवर्षं पडत राहिले. लेपर्ड लिझार्ड जातीच्या सरड्यांच्या माद्या वरून ठणठणीत. आत पाहिलं तर अंडाशय आटलेलं, अंडवाहिन्या खुरटलेल्या आणि चरबीचे गोळे फुगलेले. एरवी हीच चरबी अंड्यातल्या बलकासाठी खर्ची पडते. अंडीच नाहीत, तर ती जाणार कुठे? शेजारचा यूटा नावाच्या जातीचा लहानसा सरडा मात्र पिलं देत राहिला. तो बहुधा वर्षभरच जगतो. मोठी मात्रा साठायच्या आत त्याची वीण उरकलेली असते. लेपर्ड लिझार्ड काही वर्षं जगतो आणि तेवढी वर्षं मात्रा साठवत राहतो.

साप तर त्याहूनही दीर्घायुषी. म्हणून फुकुशिमात टेलोमिअर शाबूत आहेत एवढ्यावर माझं समाधान होत नाही. माद्यांची अंडाशयं कशी आहेत, त्या अंडी किती घालतात आणि त्यांतली किती फुटतात, हे मोजल्याशिवाय सापांना निर्धोक ठरवणं घाईचं होईल.