पार्श्वभूमी : हत्याकांड, खूनसत्र आणि 'क्रमशः'

इंदूरच्या मराठी घरांत रहस्यकथा कशी पोचली, हे इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. वाचनालयात मुंबईहून येणारे गठ्ठे, दिवाळी अंक आणि स्टेशनच्या बुकस्टॉलवरची मेरठची हिंदी 'जासूसी' पॉकेट बुकं यांवर इथल्या दोन पिढ्या पोसल्या. आता त्याच घरांत हातोहात फिरणारी कादंबरी वेगळ्या जातीची, 'सिरीयल किलर'ची आहे. तिच्यात खून एक नसतो, पाच-सहा असतात. खुनी एकच, आणि तो कोण हे पुष्कळदा निम्म्या पुस्तकातच कळतं. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. याचं कारण शोधायला बसलं की मला गोष्टीच्या आधी शब्द आडवा येतो.

फार मागे जायचं तर माळव्यातल्याच वाटांवर जावं लागतं. १८३६च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला आणि माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर खटले उभे राहिले. लगेच १८३९मध्ये लंडनमध्ये एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी आली आणि खूप खपली. खुन्यानेच शांतपणे आपली हकिकत सांगावी आणि वाचकाने श्वास रोखून ऐकावी, ही मांडणी तिथे तयार झालेली दिसते. ठगी खरोखर पंथ होता की कंपनी सरकारने रंगवलेलं चित्र, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. मराठीने मात्र त्या शब्दातली दहशत कधीच काढून टाकली. आपल्याकडे 'ठकास महाठक' भेटतो, वर्तमानपत्रात 'ठकसेन' गजाआड होतो. रुमालाने गळा आवळणारा माणूस आपल्या भाषेत नुसता लबाड होऊन बसला.

मुंबईच्या मलबार हिलवरच्या १९२५च्या बावला खून प्रकरणाबद्दल इंदूरकराला काय सांगायचं? तो खून एकच होता आणि सगळा प्रश्न 'हे करवलं कुणी' एवढाच होता. त्यापायी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांना पुढच्या वर्षी गादी सोडावी लागली. जुनी रहस्यकथा याच प्रश्नावर चालते. प्रेत सापडतं आणि मग गोष्ट मागे मागे जात राहते.

गोष्ट पुढे धावू लागली की काय होतं, ते मी लहानपणी घरातच पाहिलं. १९७६च्या जानेवारीपासून १९७७च्या मार्चपर्यंत, चौदा महिन्यांत, पुण्यात दहा जण मारले गेले. ऑक्टोबर संपताना एक कुटुंब, डिसेंबर लागताना दुसरं. त्या डिसेंबरात आईची पुण्याची मावशी आमच्याकडे रामबागेत येऊन राहिली ती महिनाभर. दिवेलागणीला ती स्वतः कडी तपासायची, इंदुरात! मारेकरी कोण असावेत यावर ती अवाक्षर बोलत नसे. तिचा एकच प्रश्न असे : "आता कुणाकडे?" आम्ही पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून बसायचो आणि, खोटं कशाला बोलू, आम्हाला ते आवडायचं. पुढे पकडले गेले ते कलाशिक्षण घेणारे विद्यार्थी होते. एक माफीचा साक्षीदार झाला, चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

या प्रकरणाला मराठीत नाव पडलं ते मेलेल्या दोन कुटुंबांच्या आडनावांवरून, 'जोशी-अभ्यंकर', आणि पुढे शब्द लागला 'हत्याकांड'. कांड म्हणजे रामायणातलं कांड, संपलेला, बांधलेला भाग. हप्त्याहप्त्याने होणाऱ्या खुनांना खरं तर 'खूनसत्र' म्हणायला हवं. सत्र चालू असतं, त्याचा शेवट दिसत नसतो. (आणि शेवटी ते सत्र न्यायालयातच जातं, हा भाषेचा आगाऊपणा.) पण कांड काय नि सत्र काय, दोन्ही शब्द कृत्याची नावं आहेत, माणसाची नाहीत. माणसासाठी आपल्याकडे होते 'नराधम' आणि 'माथेफिरू'. मुंबईच्या उपनगरांत १९६५-६६मध्ये आणि पुन्हा १९६८मध्ये रात्री उघड्यावर, झोपड्यांत निजलेल्यांना मारणारा सापडला, तेव्हा 'माथेफिरू' म्हटलं की विषय मिटत होता. त्याची फाशी १९८७मध्ये मानसिक आजारामुळे जन्मठेपेत बदलली, म्हणजे कायदाही अखेर त्याच जागी आला. त्या काळच्या रहस्यकथाकाराला अशा माणसाचा उपयोग नव्हता. वेडाला हेतू नाही आणि हेतू नाही तर गुप्तहेराने शोधायचं काय?

'सिरीयल किलर' या शब्दाने ही अडचण सोडवली. १९३०मध्ये बर्लिनच्या एका पोलीस अधिकाऱ्याने ड्युसेलडॉर्फच्या खुन्याबद्दल लिहिताना जर्मनमध्ये असाच जोडशब्द वापरला होता. इंग्रजी शब्द आपणच रूढ केला, असा दावा करणारा अमेरिकन तपास अधिकारी १९७०च्या दशकातला. त्याने सांगितलेलं मूळ मजेशीर आहे : लहानपणी शनिवारी पाहिलेले साहसपटांचे भाग. प्रत्येक भाग ऐन मोक्यावर तुटायचा आणि हुरहूर वाढवून जायचा. म्हणजे हा शब्द मुळातच गोष्टीच्या दुनियेतून आलेला आहे. आपल्या मासिकांतल्या 'क्रमशः'चा हा सख्खा भाऊ.

मग प्रश्न आला, किती खून म्हणजे मालिका? अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यात तीन किंवा अधिक. तिथल्या एफबीआय या तपासयंत्रणेच्या २००५च्या तज्ज्ञ परिषदेनंतर, २००८च्या अहवालात, वेगवेगळ्या वेळी केलेले दोनही पुरेसे ठरले. तपास लवकर एकवटावा म्हणून हे ठीक. कादंबरीला मात्र तीनच लागतात, असं माझं ठाम मत आहे. दोन खुनांत योगायोग असू शकतो. तिसऱ्याला वाचक स्वतः नमुना जुळवू लागतो आणि तिथे तो अडकतो.

त्या व्याख्येत हेतूची अट नाही, एकट्यानेच मारलं पाहिजे अशीही नाही. म्हणजे पुण्याची टोळी तिच्यात बसते. १९९६मध्ये पकडलेली कोल्हापूरची आई आणि तिच्या दोन मुलीही बसतात. १३ बालकांच्या अपहरणाचं ते प्रकरण. मुलींची फाशी २०२२च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने, दयेच्या अर्जांना झालेल्या विलंबामुळे, जन्मठेपेवर आणली. मराठीत तेही 'बालहत्याकांड'च. आपल्या या खटल्यांत लुटारू पोरं आहेत, चोऱ्या करणारं कुटुंब आहे, आजारी माणूस आहे. कादंबरीतला एकटा, हुशार, पोलिसांना कोडी घालणारा खुनी कुठेच नाही. तो 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' या १९८८च्या अमेरिकन कादंबरीतून, त्याहून जास्त तिच्यावरच्या १९९१च्या चित्रपटातून आला आणि इथल्या व्हिडिओ पार्लरमधून घराघरांत शिरला.

आता सकाळी फिरायला जाणारे इंदूरकर हीच पुस्तकं कानात ऐकतात, मराठीत नाही मिळालं तर हिंदीत. अनुवादांच्या मलपृष्ठावर 'सिरीयल किलर' तसाच देवनागरीत छापलेला असतो. भारतीय न्याय संहितेत मात्र त्याला वेगळं कलम नाही. तिथे पहिला खून काय नि सहावा काय, कलम १०३च.