डब्बा बिनधास्त खोला, डिस्कला मात्र हात लावू नका

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या पुढं सरकला की रिपेअरिंगच्या दुकानात सीपीयूचे डब्बे येऊन पडायला लागतात आणि निम्म्यांची तक्रार एकच, "चालू होतंय, पण थोड्या वेळानं आपोआप बंद पडायलंय". सोबत निदानही तयार असतं, व्हायरस आलाय, विंडोज मारून द्या. आता विंडोज मारल्यानं आतली धूळ थोडीच निघणार हाय?

प्रोसेसर साधारण १०० डिग्रीच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन सरळ बंद करतो. पंखा त्याला गार करतो म्हणजे काय, तर खोलीतली हवा त्याच्यावर फेकतो, आणि खोलीच ४२ ची असेल तर त्याच्यापेक्षा गार तो कुठून करणार. जिथं जिनिंग मिल जवळ हाय तिथं तर वेगळाच प्रकार, वरून पंखा चकचकीत दिसतो, पण चार स्क्रू काढून पंखा उचलला की खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर कापसाच्या तंतूंची आणि धुळीची करडी गादी बसलेली असते, नखानं उचलली तर अख्खी एका तुकड्यात निघते. ती काढा, ब्लोअर मारा, मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो नको तेवढा गरागरा फिरून बेअरिंग जातं. हीटसिंक काढलाच तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवीन लावायची, जास्त लावून जास्त गार होत नाही. आणि कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडं करू नका राव, ती ओलसर हवा आतल्या धुळीला चिकटते आणि मग कॉन्टॅक्ट गंजतात.

दुसरी तक्रार, डब्ब्याला हात लावला की मुंग्या येतात. हे अर्थिंगचं दुखणं. पॉवर सप्लायमध्ये लाईटच्या लाईनमधला कचरा गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग नीट असली तर बॉडीवर येणारा तो बारीक करंट जमिनीत जातो, नसली तर बॉडी २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकून राहते. करंट एक मिलीअँपिअरपेक्षाही कमी म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. उन्हाळ्यात हे जास्त जाणवतं कारण आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि अर्थिंगच्या रॉडची जमिनीवरची पकडच सुटते, खड्ड्यात पाणी टाकलं की बऱ्याचदा मुंग्या गायब. मुंग्या नाही, खरा झटका बसला तर मात्र स्वतः उद्योग न करता वायरमन बोलवा.

लाईटचं तर विचारूच नका. लाईट गेली की कॉम्प्युटरचं बटण तसंच चालू ठेवून चहाला जाणं हा आपल्याकडचा नेहमीचा कार्यक्रम, आणि लाईट येते तेव्हा आख्ख्या शिवारातल्या मोटारी एकदम उठायला बघतात, व्होल्टेज खालीवर उड्या मारतं. पिन काढून ठेवा, लाईट आल्यावर दोन-पाच मिनिटं जाऊ द्या. खांबावर न्यूट्रल तुटली तर घरात ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं, तिथं टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर सगळं एकाच वेळी जातं. यूपीएसची बॅटरी लवकर का जाते त्याचंही उत्तर उन्हातच हाय, लेड बॅटरीचं आयुष्य दर १० डिग्री वाढीला साधारण निम्मं होतं.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, वर बीप-बीप, तर आधी रॅमवर, म्हणजे मदरबोर्डवर उभ्या बसवलेल्या मेमरीच्या पट्टीवर, संशय घ्या. पिन काढून, लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवून रॅम काढायची, सोनेरी पट्टी साध्या खोडरबरनं पुसून परत खटकन बसवायची. निम्म्या वेळा नुसतं काढून बसवल्यावरच काम होतं. सेवा केंद्रात आणखी एक गंमत चालते, पीक विम्याची शेवटची तारीख, बाहेर रांग, पोर्टल उघडेना, सगळे सर्व्हरला शिव्या देतात आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरची तारीख मात्र २०१५ दाखवायली. मदरबोर्डवरची सीआर२०३२ नावाची ३ व्होल्टची गोल बॅटरी संपली की घड्याळ मागं जातं, मग ब्राउझरला वेबसाईटचं सर्टिफिकेटच खोटं वाटतं. बॅटरी बदला, तारीख लावा, झालं.

इथपर्यंत काय वाट्टेल ते खोला, बसवा, पार्ट जळाला तर बाजारात दुसरा मिळतो. हार्ड डिस्कचं तसं नाही. तिच्यात मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणाऱ्या तबकडीपासून वाचणारं हेड फक्त काही नॅनोमीटर वर तरंगत असतं, आणि माणसाचा केस जाडीला ७०-८० हजार नॅनोमीटर. त्या फटीपुढं धुळीचा साधा कणही धोंड्याएवढा, म्हणजे घरात डिस्क उघडून बघणारा माणूस नेमकं काय करतो ते समजून घ्या. बंद पडलेली डिस्क फ्रीजमध्ये ठेवून चालू होते म्हणणारेही भेटतात, बाहेर काढल्यावर तबकडीवर दव जमतं त्याचं काय?

एक्स्टर्नल डिस्क टक-टक करायली तर एकदाच आखूड केबल लावून मागच्या यूएसबी ३ च्या पोर्टला लावून बघा, कारण यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलीअँपिअरच देतं आणि फिरायला सुरू होताना डिस्कला त्याहून जास्त लागू शकतं. तरी टक-टक असेल तर बंद करा आणि लग्नाचे फोटो, हिशोब असं काही महत्त्वाचं असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडंच न्या, प्रत्येक वेळी चालू करून बघण्यात तबकडी खरवडली जाते. टक-टक नाही पण लईच स्लो झाली तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून तीन ओळी बघा. ०५ आणि सी५ च्या पुढच्या रॉ व्हॅल्यू (त्या ओळीतला मूळ आकडा) शून्याच्या वर जाऊन वाढायल्या तर सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, मरायलेत, सी७ वाढायली तर बहुतेक केबल खराब, डिस्क निर्दोष. सेक्टर मरायले असतील तर आधी कॉपी, मग बाकी सगळं. विंडोज "फॉरमॅट करायचं का" विचारतं तेव्हा कॅन्सल दाबा, आणि विंडोजची डिस्क तपासायची चेकडिस्क तर अजिबात चालवू नका, ती फाईली वाचवायला नाही, फाईल सिस्टीम जुळवायला बनलीय, मरत्या डिस्कला ती आणखी दमवते. कॉपी काढायला लिनक्समधलं डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर बरं, जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अवघड जागांच्या मागं शेवटी लागतं.

एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, आवाज करत नाही, सांगून मरत नाही, आणि तिच्यातून डिलीट झालेलं परत मिळायची आशा कमी, कारण ट्रिम नावाची सोय रिकामी झालेली जागा मागच्या मागं पुसून टाकते.

५०० जीबीची डिस्क ४६५ दाखवते ती फसवणूक नाही, कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं. बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळणारा २ टीबीचा पेनड्राईव्ह मात्र शंभर टक्के फसवणूक, आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप आणि खोटी साईझ सांगणारं फर्मवेअर, म्हणजे पेनड्राईव्हच्या आतलं सॉफ्टवेअर. फोटो टाकताना तो काही बोलत नाही, भरल्यावर नवीन फाईल जुन्यावरच लिहीत जातो, नावं सगळी दिसतात, उघडायला गेलं की काहीच नाही. नवीन घेतला की रिकामा असतानाच एच२टेस्टडब्ल्यू हे सॉफ्टवेअर चालवा, ते पूर्ण भरून परत वाचून बघतं, ६४ जीबीला तास-दोन तास सहज घेतं, पण दुकानदाराकडं परत करायची मुदत तेवढ्यात संपत नाही.