ग्रहांची नावे : ग्रामीण विदर्भातील रूपे आणि अर्थ

ग्रहांची मराठी नावे बहुतेक संस्कृत आहेत. खेड्यात ती आकाशापेक्षा आठवडी बाजाराच्या वारांतून जास्त ओळखीची. वऱ्हाडातली जुनी माणसे गुरुवारला ‘बेस्तरवार’ आणि रविवारला ‘आयतवार’ म्हणतात. पहिल्यात बृहस्पती आहे, दुसऱ्यात आदित्य. वारांची ही पद्धत भारतात ग्रीक ज्योतिषाबरोबर आली. मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात एरण येथे गुप्त राजा बुधगुप्ताच्या इ.स. 484 च्या स्तंभलेखात ‘सुरगुरू’चा, म्हणजे देवांचा गुरू बृहस्पतीचा, दिवस नोंदला आहे. तोच हा बेस्तरवार.

‘ग्रह’ म्हणजे पकडणारा. म्हणूनच नवग्रहांत सूर्य-चंद्र बसतात आणि राहू-केतूही. हे दोन तर गोल नव्हेत; चंद्राची वाट सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदते ते बिंदू आहेत. पायाखालची पृथ्वी मात्र यादीत नाही. जावयाला दहावा ग्रह म्हणतात तेही याच अर्थाने.

नाव आणि चाल यांचा मेळ सर्वांत नेमका शनीत दिसतो. मूळ शब्द ‘शनैश्चर’, हळूहळू चालणारा. सूर्याभोवती फेरी घालायला त्याला सुमारे 29.5 वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत अडीच वर्षे. जन्मराशी, तिच्या मागची आणि पुढची अशा तीन राशी धरल्या की साडेसाती होते. शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ वाहणाऱ्याला हा गुणाकार ठाऊक असतोच असे नाही, पण त्याची भीती त्यातूनच आलेली आहे.

मंगळाची ‘अंगारक’ (निखारा) आणि ‘लोहितांग’ ही नावे त्याच्या तांबड्या रंगावरून पडली. ‘भौम’ आणि ‘कुज’ म्हणजे पृथ्वीचा मुलगा. पोरीला मंगळ आहे म्हटले की सोयरीक अडते, तरी नाव शुभ. रोगाला ‘देवी’ आणि सापाला ‘लांबडं’ म्हणणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये.

शुक्र म्हणजे तेजस्वी. पहाटे बंडी जुंपताना पूर्वेला दिसते ती शुक्राची चांदणी. तिचा अस्त असला की लग्नाचे मुहूर्त निघत नाहीत. बुध आणि बुद्ध एकाच ‘जाणणे’ या धातूचे. ‘गुरू’चा एक अर्थ जड असाही होतो आणि हा ग्रह खरोखर सर्वांत वजनदार निघाला. हा योगायोगच, नाव देताना वजन कुणी केले नव्हते.

गडचिरोली-चंद्रपूरकडे जन्मवारावरून माणसांनाही ही नावे मिळत: मंगरू, बुधराम, सुकरू.

दुर्बिणीतून सापडलेल्या ग्रहांना वार मिळाले नाहीत. विल्यम हर्षलने 1781 मध्ये शोधलेला ग्रह जगभर युरेनस झाला. मराठी पंचांगात तो आजही शोधकाच्याच नावाने, ‘हर्षल’ म्हणून छापतात. ऐकणाऱ्याला त्यात ‘हर्ष’ ऐकू येतो. गावोगावच्या शाळांच्या पटावर आता मंगरू-सुकरू क्वचित सापडतात, हर्षल मात्र हमखास असतो.