सीआरपी: न्यूमोनियापासून हृदयापर्यंत

कोविडच्या काळात ‘सीआरपी किती आलाय?’ हे घरोघरी विचारलं जायचं. सीआरपी म्हणजे ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’, शरीरात दाह (इन्फ्लेमेशन) झाला की रक्तात वाढणारं प्रथिन. तीच तपासणी ‘एचएस’ म्हणजे अतिसंवेदनशील पद्धतीने केली की हृदयविकाराच्या धोक्याचा अंदाज देते. तिचा जन्म मात्र हृदयरोगातून झालेला नाही.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोकोकस जंतूतून वेगळा काढलेला ‘सी’ हा घटक आजारी माणसाच्या रक्तद्रवात मिसळला की साका धरायचा. माणूस बरा झाला की धरेनासा व्हायचा. पुढे इतर आजारांतही तेच दिसलं. ‘सी’शी जुळणारं हे प्रथिन, म्हणजेच सीआरपी, यकृत तयार करतं, आणि शरीरात कुठेही दाह झाला की त्याचं प्रमाण काही तासांत वाढू लागतं. कुठेही म्हणजे अगदी हिरड्यांतसुद्धा. या चाचणीची सगळी गोची इथेच आहे.

हृदयाकडे लक्ष वळलं ते १९९७ मध्ये. बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी धडधाकट पुरुष डॉक्टरांचे आधी साठवलेले रक्तनमुने तपासले. सीआरपी सर्वाधिक असलेल्या गटात पुढे हार्ट अटॅकचा धोका सीआरपी सर्वांत कमी असलेल्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. २००३ मध्ये अमेरिकेत टप्पे ठरले: लिटरमागे १ मिलिग्रॅमखाली धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर आधी संसर्ग शोधायचा आणि तपासणी पुन्हा करायची. काही लॅब डेसिलिटरमध्ये आकडा देतात, तिथे दहापटीचा घोळ होतो. एकक बघूनच वाचावं.

मग वाद सुरू झाला: नुसता दाह कमी केला तर हृदय वाचतं का? २००८ च्या ‘ज्युपिटर’ चाचणीत कोलेस्टेरॉल फारसं नसलेल्या पण सीआरपी २ किंवा अधिक असलेल्या १७,८०२ जणांपैकी निम्म्यांना रोसुवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी दिली. हार्ट अटॅक, पक्षाघात कमी झाले. पण त्या गोळीने कोलेस्टेरॉलही उतरलं होतं, मग श्रेय कुणाला द्यायचं? जनुकीय अभ्यासांनी तर सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही, असंच सुचवलं. २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीने उत्तर दिलं: कॅनाकिनुमॅब या दाहविरोधी औषधाने कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी केला, तरी हृदयविकाराच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले, आणि औषध होतं भयंकर महाग. अखेर २०२३ मध्ये हृदयरोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती कोल्चिसिनच्या छोट्या डोसला, म्हणजे गाऊट या सांधेदुखीच्या आजारावरच्या जुन्याच गोळीला.