पासवर्ड बरोबर आहे, तरी लॉगिन होत नाही

युजरनेम टाकलं, पासवर्ड टाकला, ओटीपीही आला. पान क्षणभर पांढरं झालं आणि पुन्हा लॉगिनचंच पान समोर. ‘पासवर्ड चुकला’ असं कुठेही लिहिलेलं नाही. अशा वेळी बरेच जण पासवर्ड बदलायला घेतात आणि नव्या पासवर्डनेही तेच होतं. पासवर्ड चुकीचा असता तर साइटने तसं सांगितलं असतं. तो स्वीकारला गेलाय. गाडी बहुतेक वेळा पुढच्या पायरीवर, कुकीपाशी अडलेली असते.

वेब ज्या एचटीटीपी नियमांवर चालतं, त्यांना मागचं काही आठवत नाही. ब्राउझरने पान मागितलं, सर्व्हरने दिलं, व्यवहार संपला. पुढचं पान मागणारी व्यक्ती तीच आहे, हे ओळखायची सोय मुळात नव्हती. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ती काढली. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो, तशी ही कुकी. बिल्ल्यावर नुसता नंबर असतो. कोणाच्या चपला कुठल्या खणात, ते स्टँडवाल्याला ठाऊक. लॉगिनच्या कुकीतही बहुधा एक लांबलचक नंबर असतो आणि तुम्ही कोण, ही नोंद सर्व्हरकडे असते. ब्राउझर ती कुकी जपून ठेवतो आणि त्या साइटकडे काहीही मागताना सोबत पाठवतो.

आता तो पांढरा क्षण बघा. सर्व्हरने पासवर्ड तपासला, कुकी दिली आणि ‘आता मुख्य पानावर जा’ असं ब्राउझरला सांगितलं. ब्राउझरने कुकी घ्यायलाच नकार दिला असेल, तर तो मुख्य पानावर रिकाम्या हाताने पोचतो. तिथून त्याला परत लॉगिनकडे पाठवतात. कधी उलटही होतं: ब्राउझरकडे जुनी कुकी आहे, पण सर्व्हरवरची नोंद पुसली गेली आहे. मग लॉगिनचं पान म्हणतं ‘तुम्ही आत आहात’, मुख्य पान म्हणतं ‘नाही’, आणि दोघं तुम्हाला एकमेकांकडे धाडत राहतात. शेवटी क्रोम हात टेकतो आणि ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ असा संदेश दाखवतो.

कारण शोधायला आधी तीच साइट इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खासगी, खिडकीत उघडा. तिथे जुनी एकही कुकी नसते आणि क्रोममध्ये एक्स्टेन्शन्सही (ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) सहसा बंद असतात. तिथे लॉगिन झालं, तर दोष जुन्या कुकीचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा.

जुनी कुकी काढायची, तर फक्त त्या साइटची काढा. कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबून सगळंच साफ करा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला मुळीच पटत नाही. त्याने मेलपासून बँकेपर्यंत सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागतं, ‘हे डिव्हाइस लक्षात ठेवा’ म्हणून केलेल्या खुणा जातात, आणि ज्यांचा ओटीपीचा मोबाइल नंबर बदललाय ते तर बाहेरच अडकतात. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक केलं की ‘कुकीज अँड साइट डेटा’ सापडतं. तिथून त्या एका साइटचा डेटा पुसता येतो. फायरफॉक्समध्ये कुलपाच्या चिन्हावर तीच सोय आहे.

एक संदेश मात्र मुद्दाम ओळखून ठेवावा: ‘४०० बॅड रिक्वेस्ट’, आणि खाली ‘रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज’. एकाच मुख्य पत्त्याखाली परीक्षा, ग्रंथालय, फी, वसतिगृह अशी वेगवेगळी पोर्टल्स असली की असं होऊ शकतं. प्रत्येक पोर्टल संपूर्ण पत्त्यासाठी आपली कुकी देतं आणि ब्राउझर प्रत्येकाला सगळ्यांच्या कुकीज दाखवत बसतो. एक कुकी साधारण ४ केबीपर्यंत असू शकते. त्या सगळ्या मिळून हेडरच्या, म्हणजे मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या, एकाच ओळीत जातात. एन्जिनएक्स हा सर्व्हर मात्र अशा एका ओळीसाठी मुळात ८ केबीच जागा ठेवतो. कितीही रिफ्रेश करा, तोच भारा पुन्हा जातो. त्या साइटच्या कुकीज पुसल्या की पान लगेच उघडतं.

रोज नव्याने लॉगिन करावं लागत असेल, तर खिडक्या बंद करताना साइट्सचा डेटा पुसायचं सेटिंग चालू आहे का ते बघा. कॉम्प्युटर ‘साफ’ करणारी सॉफ्टवेअरही परस्पर हेच काम करतात. बँकेची साइट काही मिनिटांत बाहेर काढते तो बिघाड नव्हे. तिथे नोंद मुद्दाम अल्पायुषी ठेवलेली असते.

पानाच्या आत दुसऱ्याच साइटची चौकट असेल आणि तेवढीच चालत नसेल, तर प्रश्न थर्ड-पार्टी कुकीजचा, म्हणजे त्या दुसऱ्या साइटच्या कुकीजचा, असू शकतो. सफारीने २०२० पासून त्या पूर्ण अडवल्या. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक साइटसाठी कुकीजचा वेगळा डबा केला. गूगलने क्रोममधून त्या काढायचा बेत पुढे सोडून दिला, पण तुमच्या सेटिंगमध्ये त्या बंद असू शकतात. सगळ्यांना दार उघडू नका. त्या एका साइटला अपवाद म्हणून परवानगी द्या.

घरात दोन मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज एकाच कॉम्प्युटरवर भरताना फार जपा. दोन टॅब म्हणजे दोन लॉगिन नव्हेत. टॅब कितीही असले तरी कुकीज एकाच डब्यात. धाकट्याचं लॉगिन केलं की त्याची कुकी थोरल्याच्या कुकीची जागा घेते. पहिल्या टॅबवर थोरल्याचं नाव दिसत असतं, पण ‘सेव्ह’ दाबल्यावर ती माहिती धाकट्याच्या खात्यात जाऊ शकते किंवा ‘सेशन एक्स्पायर्ड’ येतं. दुसऱ्यासाठी वेगळी ब्राउझर प्रोफाइल काढा, तिचा कुकीजचा डबा वेगळा असतो. इन्कॉग्निटोच्या दोन खिडक्यांनी भागत नाही, कारण त्यांचा डबाही आपसात एकच असतो.

कुतूहल असेल तर एफ-१२ दाबून क्रोमच्या ‘अॅप्लिकेशन’ टॅबमध्ये ‘कुकीज’ उघडा. प्रत्येक ओळीत नाव, किंमत (‘व्हॅल्यू’, म्हणजे कुकीतला मजकूर), पत्ता, मुदत दिसते. मुदतीच्या जागी ‘सेशन’ असेल तर ती कुकी ब्राउझर बंद होईपर्यंतचीच. ‘किंमत’ या रकान्यातला मजकूर मात्र कोणालाही पाठवू नका, स्क्रीनशॉटमध्येही नको. लॉगिनची कुकी ज्याच्या हाती पडली, तो पासवर्ड आणि ओटीपीशिवाय तुमच्या खात्यात शिरू शकतो. फोनवरचा ‘मदतनीस’ ती मागत असेल तर फोन ठेवा.

दुसऱ्या ब्राउझरवर, दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच होत असेल, तर दोष बहुधा साइटकडचा आहे. तक्रार करताना ब्राउझरची आवृत्ती, नेमकी वेळ आणि संदेशातले शब्द जसेच्या तसे लिहा. सर्व्हरच्या नोंदींत तुमची मागणी शोधायला त्यांना तेच लागतं.