मोटरचा पहिला सेकंद

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं. खांबच्या खांब आडवे झाले, काही गावांत लाइट यायला कित्येक आठवडे लागले. विहिरी भरलेल्या, टाक्या कोरड्या. काकांनी कुठूनतरी दोन केव्हीएचा (एक केव्हीए म्हणजे हजार व्होल्ट-अँपिअर, व्होल्ट गुणिले करंट) पेट्रोल जनरेटर मिळवला. हिशेब चोख होता: एक एचपीची मोटर म्हणजे ७४६ वॅट, फ्रीज दीडशे, वर पंखे-दिवे. मोटरचं बटण दाबलं, ती नुसतीच घुमली, दिवे विझायला आले आणि जनरेटर खोकून गप्प झाला.

हिशेबात दोन चुका होत्या. ७४६ वॅट ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी ताकद. त्यासाठी ती वायरमधून हजार-अकराशे वॅट ओढते. दुसरी चूक मोठी. फिरती मोटर स्वतःच उलटा दाब, म्हणजे उलट दिशेचं व्होल्टेज, तयार करून करंट आवरते. थांबलेल्या मोटरला तो लगाम नसतो, म्हणून सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. महावितरणच्या लाइनला ते जाणवतही नाही. छोट्या जनरेटरचं व्होल्टेज मात्र कोसळतं. व्होल्टेज निम्मं झालं की मोटरचा जोर पाव होतो, मग ती फिरणार कशी?

म्हणून एक एचपीसाठी तीन ते पाच केव्हीए धरा, आणि आधी मोटर, मग बाकीचं. जनरेटरच्या पाटीवर पॉवर फॅक्टर (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) ०.८ असेल तर पाच केव्हीएचे किलोवॅट चारच. पाण्याचा प्रश्न नसेल, तर माझ्या मते इन्व्हर्टर पुरे. जनरेटरचा आवाज आणि पेट्रोलचा खर्च हवाय कुणाला?

दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर एकीकडे जनरेटरला, दुसरीकडे घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून घर उजळवणारे महाभाग मी पाहिलेत. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. घरातले २३० व्होल्ट बाहेर पडून ११,००० होऊ शकतात, आणि खांबावर असतो लाइन बंद समजून चढलेला वायरमन. वायरिंग करताना चेंजओव्हर स्विच बसवाच. त्यात एकावेळी एकच बाजू, लाइन किंवा जनरेटर, जोडली जाते. फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो ना, ते पाहून घ्या. अर्थिंग वेगळं तपासा.

आणि पडवीत तर जनरेटर ठेवूच नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. काकांचा नवा, मोठा जनरेटर आता गोठ्याच्याही पलीकडे, पत्र्याखाली आहे; धुराचं तोंड माडांकडे.